हात हलका आहे, पण पोरगी आहे

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त ३ जानेवारीला पुण्यात मंडईजवळ झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचं हे शब्दांकन. बोलणाऱ्या ताई निवृत्त क्रीडाशिक्षिका आहेत. घरच्या माणसांबद्दल मोकळेपणी बोलता यावं म्हणून त्यांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे.)

मैत्रिणींनो,

कार्यकर्त्या मुलींनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "घोड्यांच्या शर्यती." फोनवर जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग एकीनं हळूच विचारलं, "ताई, सावित्रीबाईंच्या जयंतीला रेस?" आणि आत्ता येताना एक मावशी भेटल्या. विषय ऐकून म्हणाल्या, "रेसनं माझं घर खाल्लं. तू तिचं कौतुक सांगणार काय?"

नाही मावशी, कौतुक सांगणार नाही. माझ्याही चुलत्यांचा पगार शनिवारी हातात यायचा आणि रविवारी रेसकोर्सवर जायचा. काकूनं काय भोगलं ते मी पाहिलंय. तुमच्या प्रश्नाकडे मी परत येणार आहे. पण आधी माझं थोडं ऐकून घ्या.

माझी आई याच मंडईच्या बाहेर, फुटपाथवर गाजरं आणि पालेभाजी विकायची. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ते घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होते. मोतद्दार म्हणजे काय ते शहरातल्या मुलींना सांगावं लागेल. घोड्याला चारापाणी करणं, खरारा करणं, पाय धुणं, फिरवून आणणं, लीद काढणं, आणि रात्री घोड्याचं पोट दुखलं तर त्याच्याजवळ उभं राहणं, हे सगळं मोतद्दाराचं काम. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर. त्यामुळे आप्पा अर्धं वर्ष घोड्यांबरोबर मुंबईला असायचे आणि अर्धं वर्ष घरी. घरी म्हणजे तरी काय, पहाटे चारला निघायचे.

पावसाळ्यात मी आणि माझा थोरला भाऊ पहाटे सायकलवरून आप्पांचा डबा घेऊन जायचो. मंडईतून स्वारगेट, गोळीबार मैदान, मग रेसकोर्स. गिऱ्हाईक घेणार नाही अशी चार वाकडी, जून गाजरं आई बाजूला काढून ठेवायची. ती घोड्यांसाठी. डबा दिला की भाऊ शाळेसाठी मागं फिरायचा आणि मी मात्र रेंगाळायची.

तिथं एक वयस्कर जमादार होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. तबेल्यातल्या मोतद्दारांवर देखरेख करणारा तो जमादार. एक तरणी घोडी होती, अतिशय बुजरी. तोंडात लगाम घालू द्यायची नाही, मान उंच करून मागं मागं सरायची. दोघं-तिघं तिला धरून घामाघूम झालेले. मी बाजूला गाजर घेऊन उभी होते. ती माझ्याकडे आली, गाजर खाल्लं, आणि मी तिच्या मानेवरून हात फिरवत फिरवत लगाम तोंडात सरकवला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण चाचा आप्पांना म्हणाले, "इसका हाथ हलका है."

घोड्याच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. लगामाचं एक टोक माणसाच्या हातात आणि दुसरं घोड्याच्या तोंडात, नाजूक हिरडीवर. जड हाताचा माणस ओढतो, घोड्याला दुखतं, घोडा आणखी ओढतो. हलक्या हाताच्या माणसाला घोड्याच्या मनातलं त्या लगामातून कळतं. हे थोडंफार शिकवता येतं, पण काहींच्या हातात ते आधीच असतं. चाचांनी माझ्यात ते ओळखलं. मग त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "लेकिन लडकी है."

माझी गुणवत्ता अशी एकाच श्वासात ओळखली गेली आणि खोडलीही गेली. आज मला याबद्दलच बोलायचंय.

पुढच्या वर्षी माझा भाऊ तबेल्यात 'रायडिंग बॉय' म्हणून लागला. सकाळी घोड्यांना सराव देणारा तो रायडिंग बॉय. आता बघा, कामाच्या नावातच 'बॉय' आहे! मुलीनं अर्ज कुठं करायचा? आणि हे आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये तबेल्यात काम करणाऱ्याला 'स्टेबल लॅड' म्हणायची पद्धत. लॅड म्हणजे पोरगा. तिथं मुली शेकड्यांनी काम करू लागल्या तरी त्यांनाही लॅडच म्हणत राहिले.

१९७९ साली एक वाईट घटना घडली. कार्ल उमरीगर नावाचा तरुण जॉकी, ऐन उमेदीतला, फार मोठं होणार असं सगळे ज्याच्याबद्दल बोलत होते, तो महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यावरून पडून गेला. आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. त्या वर्षी पावसाळा आला, घोडे पुण्याला आले, आणि आईनं माझं तबेल्यात जाणं बंद केलं.

माझं बंद केलं. भावाचं नाही.

मी भांडले. म्हटलं, "पडला तो मुलगा होता. मग बंद मला का?" आईनं भाजीची जुडी बांधता बांधता उत्तर दिलं. ते मी आजवर विसरले नाही. ती म्हणाली, "पोरगं लंगडं झालं तरी त्याला बायको मिळंल. तू लंगडी झालीस तर तुला कोण करून घेईल?"

मैत्रिणींनो, आईला दोष द्यायला मी इथं उभी नाही. ती मरणाला भीत नव्हती, ती लग्नाच्या बाजाराला भीत होती. तो बाजार तिनं बनवलेला नव्हता. पण मुलींच्या गुणांवर पहिली काट कुठं मारली जाते हे मला त्या दिवशी कळलं. मैदानावर नाही, क्लबात नाही. घरात, भाजीची जुडी बांधता बांधता.

भाऊ दोन वर्षांत उंच झाला, वजन वाढलं, त्याला ते काम सोडावं लागलं. पुढं त्यानं टेम्पो चालवला. मी शाळेत खो-खो आणि लेझीम शिकवत आयुष्य काढलं. वाईट गेलं असं म्हणणार नाही. पण माझा भाऊच अजून म्हणतो, "घोड्यावर बसायचं ते हिनं. आप्पांनी चुकीचं पोर निवडलं."

घोडीला मिळतं ते

मी शाळेत असताना हे सगळं मनात दाबून टाकलं होतं. निवृत्त झाल्यावर वाचायला लागले. आणि एक गंमत लक्षात आली. या धंद्यात मादीला संधी द्यायची नाही असं मुळीच नाही. घोडीला भरपूर संधी आहे!

शर्यतीचं जे पुस्तक विकत मिळतं त्यात प्रत्येक घोड्याच्या नावाबरोबर त्याच्या बापाचं नाव असतं, तसं आईचंही असतं. आई कोण, तिची आई कोण, हे दोनशेहून अधिक वर्षं लिहून ठेवलेलं आहे. आणि आपल्या लेकरांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारनं सक्तीचं केलं ते २०२४ साली, १ मेपासून जन्मलेल्या मुलांसाठी! घोड्यांनी आपल्याला केवढं मागं टाकलं बघा.

घोडीसाठी वेगळ्या मानाच्या शर्यती आहेत. इंडियन ओक्स ही फक्त तरण्या घोड्यांची, म्हणजे माद्यांची. आणि जिथं नर-मादी एकत्र धावतात तिथं मादीच्या पाठीवर दीड किलो वजन कमी ठेवतात. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकणारी कोण? प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाची घोडी. बडोद्याच्या महाराजांची.

नव्या जॉकीलाही सवलत आहे. शिकाऊ जॉकी ठरावीक शर्यती जिंकेपर्यंत त्याच्या घोड्यावर वजन कमी ठेवतात. कारण काय, तर त्याला अनुभव नाही. सवलत दिली नाही तर त्याला कुणी घोडाच देणार नाही, आणि घोडा मिळाला नाही तर अनुभव येणार कुठून? किती शहाणपणाचा नियम! आणि जो घोडा फार जिंकतो त्याच्यावर जास्त वजन टाकतात, म्हणजे बाकीच्यांनाही आशा राहते. त्याला हँडिकॅप म्हणतात. बायकांच्या राखीव जागांना नाकं मुरडणारे कितीतरी सद्गृहस्थ रेसकोर्सवर हे सवलतीचं गणित बिनतक्रार मांडत बसतात. तिथं त्यांना गुणवत्तेवर अन्याय झाल्यासारखं वाटत नाही.

म्हणजे नवख्याला हात द्यावा लागतो हे या धंद्याला नीट माहीत आहे. फक्त मोतद्दाराची मुलगी ही त्या नवख्यांत मोजली जात नाही.

परवाना कुणाच्या नावावर?

आता तुमच्या-माझ्या ओळखीची एक गोष्ट सांगते, पण ती इंग्लंडमधली आहे. फ्लॉरेन्स नेगल नावाची बाई होती. घोडे तयार करण्यात तरबेज. त्यांना ट्रेनर म्हणतात. पण तिथल्या जॉकी क्लबचा रिवाज असा की बाईला ट्रेनरचा परवाना द्यायचा नाही. मग करायचं काय? काम बाईनं करायचं आणि परवाना तबेल्यातल्या मुख्य नोकराच्या नावानं काढायचा. तिच्याच पगारावर असलेला माणूस कागदावर तिचा वरचढ! १९५६ साली हेलन जॉन्सन हॉटन या बाईंनी तयार केलेला घोडा तिथली टू थाउजंड गिनीज ही फार मोठी शर्यत जिंकला. कागदावर नाव लागलं त्यांच्या सहायक पुरुषाचं.

नेगलबाई वर्षानुवर्षं अर्ज करत राहिल्या, शेवटी कोर्टात गेल्या. अपील न्यायालयानं सांगितलं की या बाईचा दावा ऐकून घ्यावा लागेल, नुसती बाई आहे म्हणून कुणाच्या पोटावर पाय देता येणार नाही. मग क्लबनं माघार घेतली आणि १९६६ साली त्यांना परवाना दिला. तेव्हा त्यांची सत्तरी उलटलेली होती. त्याच वर्षी नोरा विल्मट या दुसऱ्या बाईंना परवाना मिळाला आणि त्यांचा घोडा लगेच, ३ ऑगस्टला जिंकला. म्हणजे घोडा तयारच होता. अडलं होतं ते कागदावर.

मी जन्मले ते हेच वर्ष, १९६६.

आता मी तुम्हाला विचारते. इथं किती जणी गाळ्यावर बसता? पहाटे माल कोण घेतं? उधारी कोण लक्षात ठेवतं? गिऱ्हाइकाशी कोण भांडतं? आणि गाळा कुणाच्या नावावर आहे? (सभेत हशा.) हसू नका बायांनो. नेगलबाईंची गोष्ट इंग्लंडची नाही, ती मंडईची आहे. या वास्तूला ज्यांचं नाव आहे त्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना मंडईवर एवढा पैसा घालण्याला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. इमारत १८८६ साली उभी राहिली, तिला गव्हर्नर रे साहेबाचं नाव दिलं, आणि पुढं तिलाच फुल्यांचं नाव लागलं. नाव कुणाचं लागतं आणि काम कुणाचं असतं, हा प्रश्न या जागेला काही नवा नाही.

ज्यांना घोडा मिळाला

अमेरिकेत कॅथी कुसनर हिनं कोर्टात जाऊन १९६८ साली जॉकीचा परवाना मिळवला. १९६९ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडामध्ये डायेन क्रंप ही मुलगी शर्यतीत उतरली तेव्हा गर्दीतून तिला पोलीस बंदोबस्तात न्यावं लागलं. घोड्यावर बसायला पोलीस! सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारे लोक फक्त आपल्या पुण्यातच होते असं नाही.

२०१५ साली ऑस्ट्रेलियात मिशेल पेन हिनं मेलबर्न कप जिंकला. ती शर्यत १८६१ पासून चालू आहे, आणि ती जिंकणारी ही पहिली बाई. तिच्या घोड्यावर एकास शंभर भाव होता, म्हणजे कुणाला आशाच नव्हती. त्या घोड्याची देखभाल करणारा तिचा भाऊ, डाऊन सिंड्रोम असलेला. जिंकल्याबरोबर, घामही न पुसता, तिनं ठणकावून सांगितलं की हा खेळ पुरुषी अहंकाराचा आहे आणि बायकांत ताकद नसते म्हणणारे चूक आहेत. २०२१ साली आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोरनं ग्रँड नॅशनल जिंकली. उंच कुंपणांवरून उड्या मारत चार मैलांहून लांब धावायची, जगातली सर्वांत खडतर म्हणतात ती शर्यत.

आणि आपल्याकडे रूपा सिंग. राजस्थानचं घराणं, कारकीर्द चेन्नईची. भारतातली पहिली व्यावसायिक महिला जॉकी म्हणून तिला ओळखतात. सातशेहून जास्त शर्यती तिच्या नावावर सांगितल्या जातात. तिचे आजोबा आणि वडील घोड्यांच्याच कामातले. मिशेल पेनचे वडीलही ट्रेनर, दहा भावंडांत ती धाकटी.

इथं थांबून जरा विचार करा. या दोघींचे गुण कुणी ओळखले? घरानं. घरात घोडा होता, आणि "बस" म्हणणारा बाप होता. दोन्ही गोष्टी लागतात. आजकाल पैसेवाल्यांच्या मुली फी भरून घोडेस्वारी शिकतात. चांगली गोष्ट आहे. त्यांच्याकडे "बस" म्हणणारा बाप आहे आणि घोडा भाड्यानं मिळतो. आणि मोतद्दाराची मुलगी? तिच्यासमोर रोज घोडा उभा आहे. तिला त्याचा खोकला कळतो, त्याची लीद बघून त्याचं पोट कळतं. पण तिला "बस" कुणी म्हणत नाही. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे, केवढी नावं झाली या मराठी जॉकींची. त्यांच्या तोडीची एखादी मुलगी त्यांच्याच काळात कुठल्या तरी तबेल्यामागच्या खोलीत भाकऱ्या भाजत नव्हती कशावरून?

कुणी म्हणेल, बायकांत तेवढी ताकदच नाही. याचाही हिशोब झालेला आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चौदा वर्षांच्या शर्यती तपासल्या. शर्यतीत घोडा मिळाल्याच्या एकूण संधींपैकी बायकांच्या वाट्याला आल्या होत्या शंभरात पाच. आणि घोडा किती चांगला, हे जमेस धरलं तर बाई आणि पुरुष यांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. म्हणजे बाई हरते ती बाई म्हणून नाही, तिला कमी दर्जाचा घोडा देतात म्हणून. फ्रान्सनं २०१७ मध्ये महिला जॉकींना दोन किलोची सवलत दिली, पुढल्या वर्षी ती दीड किलो केली. काही जणींना ते कमीपणाचं वाटलं. मला विचाराल तर किलो कमी करण्यापेक्षा चांगला घोडा द्या. पण सवलत दिल्याशिवाय घोडाच देत नसतील तर सवलत घ्यावी. शिकाऊ पोरं घेतातच की!

मावशींचा प्रश्न

आता मावशी, तुमच्याकडे वळते. रेस हा जुगार आहे की नाही? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की घोड्यांच्या शर्यतीत जिंकणं हे नशिबापेक्षा कौशल्यावर अवलंबून असतं. आता निकाल काहीही असो, नवऱ्याचा पगार गेला की घरातल्या बाईला कौशल्य आणि नशीब यातला फरक समजावून काय उपयोग? पैसे लावण्याच्या मी विरोधात आहे, आजही.

पण मी उलट बाजूनं विचारते. न्यायालय म्हणतं हे कौशल्य आहे. बरं, मग कौशल्य कुणाचं? घोड्याचं, जॉकीचं, ट्रेनरचं, आणि पहाटे चारला उठणाऱ्या माझ्या आप्पांचं. या धंद्यात राबून आपल्यासारख्या हजारो घरांची चूल पेटते. त्या चुलीजवळच्या मुलीला तिथं शिकायचं दार बंद का, असं विचारणं म्हणजे जुगाराला पाठिंबा देणं नव्हे. गिरणी मालकाची होती म्हणून गिरणीतल्या बायकांच्या मजुरीबद्दल आपण गप्प बसलो का?

आणि दुसरी भीती, लहान पोरांना राबवण्याची. ती खरी आहे. आखाती देशांत उंटांच्या शर्यतीला गरीब देशांतली कोवळी पोरं बांधून बसवायचे. फार ओरड झाली, मग २००५ च्या सुमारास त्यांच्या जागी यंत्रं बसवली. गुण ओळखण्याच्या नावाखाली असलं काही नको. आपल्या कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शिकणं वेगळं आणि राबणं वेगळं, ही रेघ आपण बायकांनीच पक्की धरली पाहिजे.

काय बघायचं, काय मागायचं

तीस वर्षं मी मैदानावर मुली पाहिल्या. त्यावरून सांगते. घोड्यासाठी मुलगी निवडायची तर धावण्यात पहिली कोण, ते बघू नका. जनावराजवळ जाताना तिचा श्वास वाढतो की शांत होतो ते बघा. तोल बघा. दोरीवरच्या उड्या मारताना, सायकल चालवताना ते कळतं. पडल्यावर ती आधी रडते, की आधी उठते आणि मग रडते, तेही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज घोड्यात कालच्यापेक्षा वेगळं काय, हे तिला न विचारता सांगता येतं का? हे ओळखणारी माणसं तबेल्यातच आहेत. म्हाताऱ्या मोतद्दारांना, जमादारांना विचारा. त्यांचे डोळे चुकत नाहीत. फक्त त्यांच्या वाक्यातलं ते "लेकिन" काढून टाकायला लावा.

आणि मागायचं काय? ज्या ज्या ठिकाणी मुलांना घोड्यावर शिकवतात तिथं मुलींना जागा. तिथं कपडे बदलायला वेगळी खोली आणि बंद होणारं संडासाचं दार. राहायची सोय असेल तर देखरेखीला बाई. दहावीपर्यंतची शाळा सुटणार नाही याची लेखी हमी. वजन कमी ठेवण्यासाठी पोरांना उपाशी ठेवतात. वाढीच्या वयातल्या, पाळी सुरू झालेल्या मुलीला ते चालणार नाही, म्हणून डॉक्टरांचा सल्ला. पडली तर औषधपाण्याचा विमा. आणि २०१३ च्या कायद्यानं सांगितलेली लैंगिक छळाच्या तक्रारींची समिती, कागदावरची नाही, जिच्यातल्या बाईचं नाव मुलीला पाठ असेल अशी. यातलं काहीही अवघड नाही. घोड्यांसाठी याहून जास्त सोयी करतात.

तुम्हाला वाटेल, हे दूरचं स्वप्न आहे. दूरचं नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं परवानगी दिली, आणि आपल्या जिल्ह्यातले घाट पुन्हा गजबजले. बैलांच्या पुढं घोडी पळवायचं काम तिथं आजवर पुरुषांचंच. बंदी उठल्यानंतर एक मुलगी गाड्यापुढं घोडी पळवताना दिसली आणि तिची चित्रफीत मोबाइलवर घरोघर पोचली. टाळ्या वाजवणारे सगळे खेड्यातले बाप्येच होते. म्हणजे दिसलं की लोक टाळ्या वाजवतात. दिसू द्यायला हवं. जंगली महाराज रस्त्यावर झाशीच्या राणीला आपण घोड्यावर बसवलंय, पुतळा म्हणून. जिवंत मुलगी बसली तर बिघडलं काय?

शेवटचं सांगते आणि थांबते.

माझ्या ओळखीच्या एका मोतद्दाराची मुलगी आज इथं मागच्या रांगेत बसली आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर ती लाजून पळून जाईल. ती पंधरा वर्षांची आहे, नववीत आहे. तबेल्यात तिला मी पाहिलं. एका घोड्याजवळ ती नुसती उभी होती, आणि त्यानं मान तिच्या खांद्यावर टाकली होती. मी काही न बोलता घरी आले. रात्रभर मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईकडे गेले. तिची आई भाजीच विकते. मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "ताई, पडली तर?" माझ्या आईचाच प्रश्न, इतक्या वर्षांनी. या वेळी मी म्हटलं, "पडली तर आपण तिला उचलू. तू, मी, आणि मंडईतल्या या सगळ्या. लग्नाचं म्हणशील तर लंगड्या बाईला नको म्हणणारा नवरा तसाही काय कामाचा?" ती हसली. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

येत्या रविवारी सकाळी तिच्या वडिलांशी बोलायला मी जाणार आहे. एकटी गेले तर ते मला चहा पाजून परत पाठवतील. तुमच्यापैकी चौघी-पाच जणी बरोबर आल्या तर बोलणं पुढं जाईल. ज्यांना यायचंय त्यांनी पावणेसहाला मंडईच्या टिळक पुतळ्यापाशी उभं राहावं. मावशी, तुम्हीही या. रेसनं तुमचं घर खाल्लंय, तुमच्याइतकं खडसावून बोलायचा हक्क तिथं कुणालाच नाही.

आणि येताना चार गाजरं आणा. वाकडी असली तरी चालतील.